लघवीच्या नळीच्या ऑपरेशननंतर कशाला घाबरायचं नाही आणि कशासाठी सकाळची वाट पाहायची नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. थोरला भाऊ ३४ वर्षांचा. काही वर्षांपूर्वी बांधकामावर पाय घसरून आडव्या फळीवर दोन पायांच्या मध्ये आदळला. मार बरा झाला, पण लघवीची धार बारीक होत गेली. दोनदा दुर्बिणीतून नळी कापून मोकळी केली आणि दोन्ही वेळा काही महिन्यांत ती परत आवळली. आता गालाच्या आतलं अस्तर लावून युरेथ्रोप्लास्टी, म्हणजे नळीची दुरुस्ती, झाली आहे. चौथ्या दिवशी कॅथेटरसह, म्हणजे मूत्राशयापर्यंत घातलेल्या बारीक नळीसह, घरी सोडलं. कॅथेटरच्या कडेने रक्ताचे थेंब येतात, रात्री दुखून जाग येते, गाल सुजला आहे. ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं ते अडीच तासांवर आहे. पुढे धोके काय, आणि कोणत्या लक्षणाला रात्रीच गाडी काढायची, हे तुम्हाला कळायला हवंय.

मी युरॉलॉजिस्ट आहे आणि माझं बरंचसं काम याच नळीच्या दुरुस्तीचं आहे. या ऑपरेशननंतर घरच्यांची भीती बहुतेक वेळा चुकीच्या जागी अडकलेली असते. रक्ताचा डाग दिसला की सगळं घर हादरतं. पण हुडहुडी भरून ताप आला तर एक गोळी देऊन सकाळची वाट पाहिली जाते, आणि सहा महिन्यांनी धार पुन्हा बारीक झाली तर पेशंट ते कुणाला सांगतच नाही. खरा धोका बहुधा या दोन ठिकाणी असतो.

आधी तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी. कॅथेटरच्या कडेने थेंब थेंब रक्त येणं, चड्डीला डाग पडणं, लिंगाच्या तोंडाशी काळपट खपली धरणं हे पहिले आठ-दहा दिवस चालतं. नळीभोवतीचा भाग रक्ताने भरलेला असतो, त्यामुळे खोकला आला किंवा शौचाला जोर दिला की टाक्यांतून थोडं पाझरतं. दिवसातून दोनदा कोमट पाणी आणि साध्या साबणाने तिथली खपली भिजवून हलक्या हाताने पुसा. ती तशीच राहिली तर पाझरणारा द्रव आत कोंडतो आणि जंतूंना जागा मिळते.

रात्रीच्या दुखण्याचं कारण वेगळं आहे. तरुण पुरुषाला झोपेत रात्रीतून तीन-चार वेळा आपोआप ताठरता येते. टाके ताजे आणि आत कॅथेटर, त्यामुळे तेव्हा कळ येते आणि थोडं रक्तही दिसतं. उठून खोलीत चार पावलं चालायचं, की ती ओसरते. हे त्याला स्पष्ट सांगा, कारण अशा ऑपरेशननंतर प्रत्येक तरुण पेशंटच्या मनात एकच शंका असते आणि ती तो विचारत नाही. ताठरतेच्या नसा शाबूत आहेत याची ही चांगली खूण आहे.

गालाची सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि आठवड्याभरात उतरू लागते. जखमेवर पांढरट-पिवळसर साय दिसते, तिला लोक पू समजतात. ती जखम भरून येतानाची असते, खरवडू नका. दोन-तीन आठवड्यांत तिथे नवं अस्तर येतं. ओठाच्या कोपऱ्याशी किंवा गालात बधिरपणा मात्र काही आठवडे, कधी काही महिने राहतो.

चौथी गोष्ट तुम्ही लिहिली नाही, पण ती येईल म्हणून सांगतो. अचानक लघवीची जोराची कळ येते, ओटीपोट आवळल्यासारखं होतं आणि कॅथेटरच्या बाजूने थोडी लघवी निसटते. पिशवीत लघवी येत असेल तर हा मूत्राशयाचा आचका आहे. कॅथेटर आत धरून ठेवणाऱ्या फुग्यामुळे मूत्राशय चिडतं. यावर सॉलिफेनॅसिन किंवा ऑक्सिब्युटिनिनसारखी औषधं असतात. ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची, कारण त्यांनी तोंड कोरडं पडतं, शौचाला खडा होतो, आणि कॅथेटर काढायच्या आधी ती बंद करावी लागतात.

आता या ऑपरेशनात नेमकं काय झालंय तेही सांगतो, म्हणजे पुढची बंधनं का आहेत ते कळेल. पुरुषाची लघवीची नळी साधारण १८ ते २० सेंटिमीटर लांब असते. फळीवर, सायकलच्या दांडीवर किंवा गाडीच्या टाकीवर आदळल्यावर जो भाग हाडाखाली चिरडला जातो, तो वृषणांच्या मागचा, बल्बर म्हणतात तो. तिथे जखमेचा कडक व्रण तयार होतो आणि आतून नळी आवळतो. दुर्बिणीतून कापलं की तो व्रण फक्त चिरला जातो, निघत नाही. आखूड आणि पहिल्याच वेळेच्या अरुंदपणाला हा उपाय करून पाहायला हरकत नसते. पण एकदा फसल्यावर तेच परत परत केलं की प्रत्येक वेळी व्रण वाढतो आणि टिकाऊ फायद्याची शक्यता घटत जाते. तुमच्या भावाला आता जे केलं ते योग्य वेळी झालं असं माझं मत आहे.

गालाचं अस्तर यासाठी वापरतात कारण ते जाड, केस नसलेलं आणि सतत ओलं राहायची सवय असलेलं असतं. पूर्वी अंडकोषाच्या पिशवीची कातडी लावली जायची. तिच्यावर आत केस उगवायचे, त्यांवर खडे धरायचे. तोंडातलं अस्तर लघवीच्या मार्गासाठी वापरण्याचा प्रयोग हंबी यांनी १९४१ मध्ये नोंदवला होता, पण ते रुळलं खूप नंतर. हा तुकडा नळीच्या पाठीवर, म्हणजे लिंगाला ताठरता आणणाऱ्या भागाच्या बाजूला लावण्याची पद्धत इटलीच्या गुइदो बार्बाल्यी यांनी १९९६ मध्ये मांडली. पुढे पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी यांनी नळी सगळीकडून न सोडवता एकाच बाजूने मोकळी करून हेच साधण्याची रीत बसवली. २००९ मध्ये ती बार्बाल्यींसह प्रसिद्ध झाली आणि आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. दुसऱ्या बाजूचा रक्तपुरवठा आणि नसा त्यात जागच्या जागी राहतात.

लावलेल्या तुकड्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले दोन दिवस तो खालून पाझरणाऱ्या द्रवावर जगतो, पुढच्या दोन-तीन दिवसांत बारीक रक्तवाहिन्या जोडल्या जातात. भाताचं रोप लावल्यावर मुळं धरेपर्यंत वाफ्यात पाय घालू देत नाहीत, तसंच हे आहे. खाली रक्त साठून तुकडा उचलला गेला, जंतुसंसर्ग झाला, किंवा कॅथेटरला हिसका बसला, तर तेवढा भाग धरत नाही आणि महिन्यांनी नेमका तिथेच अरुंदपणा येतो. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांची काळजी एवढी महत्त्वाची.

आता रात्रीच गाडी काढायच्या गोष्टी. त्यांचा मी माझ्या मनात एक भेद केलेला आहे: काहींसाठी जवळात जवळच्या हॉस्पिटलात जायचं, काहींसाठी ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडेच. तुमच्यासारख्या अडीच तास लांब राहणाऱ्यांसाठी हा भेद जीव वाचवणारा ठरू शकतो.

पहिलं, थंडी वाजून ताप. पहिल्या एक-दोन दिवसांत ९९-१०० पर्यंत ताप येऊ शकतो, त्याचं विशेष नाही. पण १०१ च्या पुढे ताप, त्याबरोबर दात वाजवणारी हुडहुडी, हे लघवीतले जंतू रक्तात गेल्याचं लक्षण समजायचं. माणूस असंबद्ध बोलू लागला, श्वास भरभर चालू लागला, हातपाय गार पडले, पिशवीत लघवी कमी येऊ लागली, तर एक मिनिट दवडू नका. इथे अडीच तासांचा प्रवास करून मूळ हॉस्पिटल गाठायचा हट्ट धरायचा नाही. सलाइन, शिरेतून अँटिबायोटिक आणि शक्यतो आयसीयू आहे असं जे सर्वांत जवळ असेल तिथे जा आणि वाटेतून सर्जनला फोन करा. अशा संसर्गात पहिले काही तास सर्वांत मोलाचे असतात. भावाला मधुमेह असेल तर तापाचा आकडा लहान असला तरी हेच करायचं, कारण मधुमेहात ताप कमी आणि संसर्ग जास्त असं होतं.

त्याच प्रकारातलं, पण दुर्मीळ: वृषणांभोवतीची किंवा गुदद्वाराकडची कातडी लाल-जांभळी होऊन पसरत जाणं, काळा डाग पडणं, कुजका वास येणं, दिसतंय त्याच्या मानाने फार जास्त दुखणं. याला फोर्निए गँग्रीन म्हणतात. लघवी टाक्यांबाहेर ऊतींमध्ये झिरपून तिथे संसर्ग झाला तर हे होऊ शकतं. हे तासातासाला पसरतं आणि तातडीने ऑपरेशन करून मेलेला भाग काढावा लागतो. मोठ्या हॉस्पिटलात थेट जा.

एका पायाची पोटरी सुजून दुखणं, किंवा अचानक दम लागणं आणि छातीत दुखणं, हेही जवळच्या मोठ्या हॉस्पिटलचं काम. ऑपरेशनमध्ये पाय बराच वेळ वर बांधलेले असतात आणि नंतर माणूस पडून राहतो, त्यामुळे पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. म्हणूनच घरी त्याला झोपवून ठेवू नका, दर दोन तासांनी चालवा. पाऊल किंवा पोटरीला नुसत्या मुंग्या असतील तर तो बहुधा नसेवर आलेला दाब असतो आणि काही आठवड्यांत जातो. पुढच्या भेटीत सांगितलं तरी चालतं, पण पाऊल उचलता येत नसेल तर फोन लगेच करा.

आता सर्जनकडेच न्यायच्या गोष्टी. पिशवीत दोन तास लघवीच आली नाही तर आधी घाबरून न जाता नळी पाहा. कुठे मुरडली आहे का, तो तिच्यावर झोपलाय का, पिशवी मूत्राशयाच्या वर टांगली गेली आहे का. हे सगळं ठीक असून ओटीपोट फुगलंय आणि कळा येतायत, तर नळी गुठळीने किंवा गाळाने तुंबली आहे. प्रशिक्षित नर्स किंवा डॉक्टर निर्जंतुक सलाइनने हलक्या हाताने ती धुऊ शकतात. पण धुऊन सुटली नाही, तर कॅथेटर बदलून देतो म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. ओटीपोटातूनही एक नळी बाहेर काढून बंद केलेली असेल, तर ती उघडली की मूत्राशय रिकामं होतं.

याच्याही पुढची गोष्ट म्हणजे कॅथेटर निसटणं. फुगा फुटतो, झोपेत ओढ बसते, लहान मूल पिशवीत पाय अडकवतं. काहीही झालं तरी ते परत आत घालायचा प्रयत्न कुणीही करू नये, घरच्यांनी नाही, गावच्या दवाखान्यातल्या ब्रदरने नाही, आणि ज्यांनी ऑपरेशन पाहिलेलं नाही अशा डॉक्टरांनीही अंदाजाने नाही. ताज्या टाक्यांतून कॅथेटरचं टोक बाहेरच्या ऊतीत शिरतं. त्याहून वाईट म्हणजे फुगा मूत्राशयाऐवजी दुरुस्त केलेल्या नळीतच फुगवला जातो आणि सगळं काम एका क्षणात फाटतं. हे मी ठासून लिहितोय कारण असे पेशंट आमच्याकडे येतात आणि त्यांना पुन्हा वर्षभराच्या चक्रातून जावं लागतं. सर्जनला फोन करा आणि निघा. वाटेत लघवी अडून असह्य झालं तर ओटीपोटातून सुईने किंवा बारीक नळीने मूत्राशय रिकामं करता येतं. तो मार्ग दुरुस्तीला धक्का लावत नाही. जवळच्या डॉक्टरांना हेच करायला सांगा आणि त्यांचं सर्जनशी फोनवर बोलणं करून द्या.

रक्तस्रावाबद्दल: पिशवीतली लघवी गुलाबी किंवा चहाच्या रंगाची असेल तर पाणी वाढवा. टोमॅटोच्या रसासारखी दाट झाली, गुठळ्या येऊ लागल्या, कडेने येणारं रक्त थांबेना आणि कापड भिजून निथळू लागलं, किंवा वृषणांची पिशवी काही तासांत नारळाएवढी टणक होऊ लागली, तर निघा. जाताना वृषणांच्या मागे, टाक्यांच्या जागी, घडी घातलेलं स्वच्छ कापड ठेवून मुठीने एकसारखा दाब द्या. थोडी निळसर सूज आणि काळं-निळं पडणं मात्र सामान्य आहे. ते गुरुत्वाकर्षणाने खाली उतरतं, म्हणून कधी मांडीपर्यंत दिसतं. घट्ट लंगोट किंवा आधार देणारी चड्डी वापरली की सूज लवकर बसते. तो हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेत असेल तर ते कधी सुरू करायचं हे सर्जन आणि हृदयाच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं, घरी नाही.

तोंडातून रक्त येत असेल तर गॉज चावून वीस मिनिटं दाब. न थांबल्यास, किंवा सूज एवढी वाढली की गिळता येत नाही, आवाज बदलला, तर जवळच्या हॉस्पिटलात जा.

तोंडाचा विषय निघालाच आहे तर तंबाखूबद्दल बोलायलाच हवं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी गुटखा, मावा, खर्रा खाऊन आतून पांढरे आणि कडक झालेले गाल आम्ही नेहमी पाहतो. काहींचं तोंड दोन बोटंही उघडत नाही. अशा गालातून अस्तर घेता येत नाही, घेतलं तर चांगलं धरत नाही, आणि जखम भरताना तोंड आणखी आवळतं. भावाला सवय असेल तर आत्ता सुटण्याची जितकी संधी आहे तितकी पुन्हा मिळणार नाही. सिगारेट-विडीही त्यातच आली. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि ग्राफ्ट, म्हणजे लावलेला तुकडा, त्याच रक्तवाहिन्यांवर जगणार असतो. पहिले दोन-तीन दिवस गार आणि मऊ: ताक, दहीभात, गार केलेली पेज. तिखट, गरम, कुरकुरीत नको. जेवणानंतर चुळा, आणि आठवड्याने तोंड हळूहळू मोठं उघडण्याचा व्यायाम दिवसातून काही वेळा. हा व्यायाम लोक टाळतात आणि मग महिन्याने भाकरीचा घास घेताना ओढतं म्हणून तक्रार करतात.

कॅथेटर साधारण दोन ते तीन आठवडे राहतं. या काळात ते मांडीवर किंवा पोटावर चिकटपट्टीने बांधलेलं असलं पाहिजे, लोंबकळतं नाही. पिशवी जमिनीला टेकू द्यायची नाही. पाणी एवढं की लघवी फिकट पिवळी राहील. शौचाला कुंथायला लागू नये म्हणून इसबगोल, पालेभाजी, पपई. गरज पडली तर डॉक्टरांनी दिलेलं सौम्य औषध. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसणं टाळा, कमोडची खुर्ची भाड्याने आणा. मांडी घालून तासन्‌तास बसणं, पाच किलोच्या वर उचलणं नको. मोटरसायकल, स्कूटर, सायकल आणि ट्रॅक्टर मी किमान दोन महिने, आणि खडबडीत रस्ता असेल तर तीन महिने बंद ठेवतो. संबंध साधारण सहा आठवड्यांनंतर, आणि डॉक्टरांनी नळी पाहून हो म्हटल्यावर.

एक गोष्ट इथे आवर्जून. कॅथेटर असताना कुणी लघवीची कल्चर तपासणी केली तर त्यात जंतू हमखास सापडतात, कारण काही दिवसांत नळीवर जंतू वस्ती करतातच. ताप नाही, त्रास नाही, तर नुसत्या रिपोर्टवर अँटिबायोटिकचे कोर्स घेऊ नका. त्याने जंतू बळकट होतात आणि खरी गरज पडते तेव्हा औषध लागू पडत नाही. मेडिकलमधून स्वतःहून गोळ्या आणणं तर नकोच. कॅथेटर काढायच्या वेळी दिलेलं औषध वेगळं, ते घ्यायचं.

कॅथेटर काढण्यापूर्वी किंवा काढताना बहुतेक ठिकाणी एक्स-रेत दिसणारं औषध लघवीच्या मार्गात भरून एक्स-रे काढतात आणि दुरुस्ती गळत नाही ना ते पाहतात. गळती दिसली तर घाबरू नका. आणखी एक-दोन आठवडे कॅथेटर ठेवलं की बहुतेक गळत्या बंद होतात. काढल्यानंतरचे चार-पाच दिवस जळजळ, धार फाटून येणं, वारंवार जावंसं वाटणं चालतं. त्या दिवशी संध्याकाळी थंडी-ताप आला तर तो वर सांगितलेला ताप समजा. लघवी करताना वृषणांच्या मागे फुगवटा येत असेल, टाक्यांच्या जागेतून ओल किंवा लघवी येत असेल, तर त्याच दिवशी सर्जनला गाठा. लघवी आत झिरपतेय, किंवा बाहेर नवी वाट पडतेय. आणि कॅथेटर काढल्यावर लघवी पूर्ण अडली, तर पुन्हा तोच नियम: आंधळेपणाने नळी घालू द्यायची नाही.

दूरच्या धोक्यांबद्दल तुम्ही स्पष्ट विचारलंय, म्हणून स्पष्ट लिहितो. बल्बर भागात गालाचं अस्तर लावून केलेल्या दुरुस्त्यांपैकी ढोबळमानाने दहातल्या आठ-नऊ चांगल्या टिकतात. आखूड व्रण कापून दोन टोकं थेट जोडली तर प्रमाण याहून थोडं जास्त असतं, पण दोनदा कापलेल्या, लांबलेल्या अरुंदपणाला ते नेहमी शक्य नसतं. ताठरतेत पहिले काही महिने फरक जाणवू शकतो. बहुतेकांत तो सहा महिन्यांच्या आसपास भरून निघतो. तसं झालं नाही तर त्यावर उपचार आहेत, लाजून गप्प बसू नये. वीर्य जोराने न येता हळू ओघळणं, लिंगाच्या टोकाला थोडा गारवा किंवा बधिरपणा, आणि लघवी झाल्यावर मागाहून चार थेंब चड्डीत पडणं ही त्यापेक्षा जास्त दिसणारी लक्षणं. शेवटच्या तक्रारीवर साधा उपाय आहे: लघवी झाल्यावर वृषणांच्या मागे बोटांनी दाबून पुढे सरकवत आणायचं, नळीत साठलेले थेंब बाहेर येतात. पण हे ऑपरेशनला सहा आठवडे झाल्यावर.

रस्ते अपघातात ओटीपोटाचं हाड मोडून नळी पूर्ण तुटलेली असेल तर गणित वेगळं असतं. तिथे ताठरतेचा आणि लघवी थांबवण्याचा प्रश्न मुळात अपघातानेच निर्माण झालेला असतो. तुमच्या भावाचा मार त्या प्रकारचा नाही, म्हणून इंटरनेटवर त्या पेशंटांचे अनुभव वाचून त्याला घाबरवू नका.

आता मला सर्वांत जास्त काळजी वाटते तो भाग: अरुंदपणा परत येणं. तो बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांत येतो, पण पाच-सात वर्षांनीही येऊ शकतो. आणि तो गुपचूप येतो. नळीचा व्यास कॅथेटरच्या मापात सांगायचा तर निरोगी पुरुषात २४ फ्रेंच, म्हणजे आठ मिलिमीटरच्या आसपास असतो. तो आवळत आवळत १० फ्रेंचच्या, म्हणजे साधारण ३.३ मिलिमीटरच्याही आत येईपर्यंत धारेत फारसा फरक जाणवत नाही, कारण मूत्राशय जोर लावून भरपाई करत राहतं. म्हणजे धार बारीक वाटू लागली याचा अर्थ अर्ध्याहून जास्त वाट आधीच बंद झालेली असते. त्याच्याही पुढे दुर्लक्ष झालं तर मूत्राशयाची भिंत जाड होते, लघवी मागे उरते, खडे होतात, संसर्ग वारंवार होतो, आणि शेवटी किडन्यांवर दाब येतो.

म्हणून तपासणी त्रास सुरू व्हायच्या आधी करायची. कॅथेटर काढल्यावर काही आठवड्यांनी युरोफ्लो, म्हणजे लघवीच्या धारेचा वेग मोजणारी तपासणी, करून ठेवा, तो पुढच्या तुलनेसाठी पाया असतो. मग साधारण तीन महिन्यांनी युरोफ्लो आणि बारीक दुर्बीण, नंतर वर्ष पूर्ण झाल्यावर, आणि पुढे दरवर्षी निदान युरोफ्लो आणि लघवीनंतरची सोनोग्राफी. युरोफ्लोला जाताना मूत्राशय भरलेलं हवं. १५० मिलिलिटरपेक्षा कमी लघवी झाली तर तो रिपोर्ट भरवशाचा नसतो. त्याच्या वयात सेकंदाला १५ मिलिलिटरच्या वर वेग हवा, आणि १० च्या आत आला तर नळी पाहिलीच पाहिजे. आलेखाचा आकारही बघायला सांगा. निरोगी आलेख टेकडीसारखा चढून उतरतो, अरुंदपणात तो बुटका, सपाट आणि लांबलचक होतो.

घरी तुम्हाला दिसण्यासारखी लक्षणंही आहेत. बाथरूममध्ये लागणारा वेळ वाढणं, सुरुवातीला थांबावं लागणं, पोटाने जोर द्यावा लागणं, धार दोन फाट्यांत जाणं, लघवी झाल्यावरही भरल्यासारखं वाटणं, वर्षात दुसऱ्यांदा लघवीचा संसर्ग. यातलं एकही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. ग्राफ्टच्या टोकाशी कड्यासारखा आखूड अरुंदपणा आला असेल, तर लवकर कळल्यास एखाद्या छोट्या दुर्बिणीच्या कामाने भागू शकतं. वर्षभर लपवल्यावर पुन्हा मोठं ऑपरेशन.

आणि या टप्प्यावर एक मोह पडतो. बाजारच्या गावी कुणीतरी धातूच्या सळ्या घालून नळी 'मोठी' करून देतो, चार महिने बरं वाटतं, मग परत. दुरुस्त केलेल्या नळीत असं करणं म्हणजे ग्राफ्ट फाडण्याची जोखीम आहे. असं नळी रुंद करणं, म्हणजे डायलेटेशन, करायचंच ठरलं तर आधी दुर्बिणीने किंवा एक्स-रेने पाहून, आधी आत घातलेल्या बारीक तारेवरून, ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनी किंवा त्यांचे कागद वाचलेल्या युरॉलॉजिस्टने.

म्हणून कागद जपा. ऑपरेशनची टिपणी, म्हणजे किती लांबीचा ग्राफ्ट, कुठे आणि कोणत्या बाजूला लावला, ही डिस्चार्ज कार्डावर नसेल तर हॉस्पिटलकडून मागून घ्या. आधीच्या आणि नंतरच्या एक्स-रेंच्या फिल्म फेकू नका. उद्या त्याचं हर्नियाचं, गुडघ्याचं किंवा हृदयाचं ऑपरेशन निघालं, तर भूल देण्यापूर्वी रिवाजाप्रमाणे कॅथेटर घालायला कुणीतरी येईल. त्याला ही दुरुस्ती बाहेरून दिसणार नाही. कार्डाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या: 'युरेथ्रोप्लास्टी झाली आहे. कॅथेटर लागल्यास लहान मापाचं, भरपूर जेली वापरून. अडलं तर जोर न देता युरॉलॉजिस्टला बोलावणे.' त्याच्याखाली सर्जनचा रात्रीचा नंबर. या पानाचा फोटो तुमच्या आणि वहिनींच्या फोनमध्ये आजच काढून ठेवा, आणि तुमच्या भागात चोवीस तास चालणारं, शिरेतून अँटिबायोटिक देऊ शकणारं सर्वांत जवळचं हॉस्पिटल कोणतं हे उद्या दिवसा चौकशी करून ठरवून ठेवा.